पाच उशांची मालिका

माझ्या वहीत मालिकांना उशा दिलेल्या आहेत. एक उशी म्हणजे बरी. दोन म्हणजे चांगली. तीन म्हणजे इतकी चांगली की बघताना तोंडावर उशी घ्यावी लागते आणि तरी एका बाजूने डोळा बाहेर काढून बघत राहावंसं वाटतं. वही सुनेच्या ऑफिसातली आहे, मागच्या वर्षाची, अर्धी कोरी. पुढच्या बाजूने मालिकांची यादी आहे आणि मागच्या बाजूने मी हे लिहिते आहे. वही सून उघडते, पण पुढूनच. मागून उघडायचं तिच्या मनात येणार नाही.

पाच उशा आम्ही एकदाच दिल्या. त्या का दिल्या ते लिहून ठेवायचं आहे.

मला आणि सुनेला एकाच तऱ्हेच्या मालिका आवडतात. त्या विनोदी असतात, पण त्यांत कोणी हसत नाही. एखादा माणूस चारचौघांत काहीतरी बोलून जातो. त्याला वाटतं, आता सगळे हसतील. कोणीच हसत नाही. मग तो तेच पुन्हा बोलतो, जरा मोठ्याने. कोणीतरी घसा खाकरतं, कोणीतरी पेल्यातलं पाणी बघतं. त्या माणसाला लाज वाटत नाही, पण बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. सून त्याला क्रिंज म्हणते. मी कसंतरीच होणारी मालिका म्हणते. दोन्हींचा अर्थ एकच.

मला ते कसंतरीच होणं लहानपणापासून ओळखीचं आहे. माझं माहेर जांभूळ गावचं. शाळा चौथीपर्यंत गावात होती आणि पाचवीला बदलापूर गावात जावं लागायचं. घरच्यांनी पाठवलं नाही, असं मी लोकांना सांगत आले. तसं नव्हतं. नव्या वर्गात उभं राहून सगळ्यांसमोर आपलं नाव सांगावं लागतं, असं पुढच्या वर्गातल्या एका मुलीने मला सांगितलं होतं. तेवढ्यावरून मी शाळेला गेले नाही. वडील दोन दिवस रागावले, मग गावच्या पाणी शुद्धीकरण केंद्रावर कामाला जायच्या गडबडीत विसरले. मी आजपर्यंत कुठल्याही खोलीत उभं राहून नाव सांगितलेलं नाही.

सून आमच्या घरी आली तेव्हा मला वाटलं होतं की आता घरात बोलणारं माणूस येईल. आमचं घर बदलापुरात खरवईला, नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. माझे मिस्टर आता नाहीत. मुलगा अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीने कामाला जातो आणि घरी असतो तेव्हा बहुतेक झोपलेला असतो. मी उल्हासनगरहून येणाऱ्या जीन्सचे धागे कापते. गठ्ठा घरी येतो, कापून झाला की परत जातो, त्यात कोणाशी बोलायचं काम पडत नाही. म्हणून मी सुनेची वाट बघत होते. पण सून माझ्याहून गप्प निघाली.

"आई, चहा ठेवू का?"

"ठेव."

"साखर?"

"तेवढीच."

सुरुवातीचे चार-पाच महिने आमचं बोलणं एवढंच होतं. भांडण नव्हतं. ती अंबरनाथला एका ऑफिसात बिलं बनवायला जायची, संध्याकाळी यायची, भाजी चिरायची. मी पोळ्या लाटायची. आपण काही बोललो तर तिला आवडणार नाही असं मला वाटायचं आणि तिलाही माझ्याबद्दल तसंच वाटायचं. हे नंतर कळलं.

एका रविवारी दुपारी ती आतल्या खोलीत मोबाईल बघत होती आणि मी बाहेर धागे कापत होते. आतून आवाज आला. मला वाटलं, रडते आहे. मी कात्री खाली ठेवली आणि दारापर्यंत गेले. ती तोंडावर उशी दाबून हसत होती. मला बघून दचकली, उठून बसली, उशी मांडीवर घेतली.

"काही नाही आई. असंच."

"काय आहे?"

तिने मोबाईल माझ्याकडे वळवला. परदेशातली मालिका होती, हिंदीत केलेली. कुठल्यातरी लहान गावात पाणी सोडायचं ऑफिस, आणि तिथला साहेब. साहेबाने सगळ्यांना एकत्र बसवून एका बाईच्या वाढदिवसाचं गाणं म्हणायला सुरुवात केली होती. बाई हळूच म्हणाली की वाढदिवस माझा नाही. साहेब थांबला नाही. त्याने गाणं शेवटपर्यंत म्हटलं, एकट्याने, टाळ्या वाजवत. आमच्या जांभूळच्या केंद्रावर असा एक साहेब होता. मी दारातच उभी राहून बघत होते. गाणं संपल्यावर त्याने केक त्या बाईला भरवला तेव्हा मला बघवेना. मी पदर तोंडावर घेतला.

"आई, बसा ना," सून म्हणाली आणि तिने दुसरी उशी माझ्याकडे सरकवली.

त्या दिवसापासून आम्ही रोज संध्याकाळी स्वयंपाक झाला की एक भाग बघायचो, बाहेर मोठ्या टीव्हीवर. बघताना बोलणं सुरू झालं. आधी त्या साहेबाबद्दल. मग तिच्या ऑफिसातल्या मॅडमबद्दल, ज्या प्रत्येकाला जेवताना डब्यात काय आहे ते विचारतात आणि नुसतंच "अच्छा" म्हणतात. मग माझ्या पाचवीबद्दल. ही गोष्ट मी मिस्टरांनाही कधी सांगितली नव्हती. ती हसली नाही. म्हणाली, "मी कॉलेजला पहिल्या दिवशी दुसरीचंच नाव सांगितलं होतं. माझ्या आधीच्या मुलीचं. घाबरून." मग आम्ही दोघी हसलो.

मालिका संपत आली तसा मला घोर लागला. शेवटचा भाग आम्ही दोन दिवसांत अर्धा अर्धा करून बघितला, पुरवून. तो संपल्यावर काय बोलायचं, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "तशीच दुसरी शोध."

तशीच दुसरी मिळणं सोपं नसतं. ॲपवर विनोदी म्हणून जे येतं त्यात मागे हसण्याचा आवाज टाकलेला असतो. माणूस पडला की हा हा हा. अशा मालिकेत आपल्याला करायला काही उरत नाही. सून नावं वाचून दाखवायची.

"आई, ही बघा. लिहिलंय, हसून हसून लोटपोट व्हाल."

"मग नको."

"ही? सहकुटुंब बघावी अशी."

"त्यात सगळे शहाणे असणार."

दिवसा मी एकटीच असायची, म्हणून शोधायचं काम माझ्याकडे आलं. मला मालिकेखाली येणारी अक्षरं वाचता येत नाहीत असं नाही, पण मी एक ओळ वाचेपर्यंत तीन ओळी निघून जातात. म्हणून मी आवाज बंद करून बघायला लागले. धागे कापता कापता पाच मिनिटं नुसती तोंडं बघायची. माणसाने काहीतरी म्हटलं आणि समोरच्याला लगेच हसू फुटलं तर ती आपली मालिका नव्हे. समोरच्याचा चेहरा तसाच राहिला आणि डोळे जरासे बाजूला गेले, तर कात्री खाली ठेवायची. मला कसंतरीच झालं तर नाव वहीत उतरवून ठेवायचं आणि संध्याकाळी दोघींनी आवाज लावून बघायची. असं करत मी गादी विकणाऱ्या दोन भावांची शोधली, ती दोन उशांची. एका नाच शिकवणाऱ्या बाईची शोधली, जिला स्वतःला नाचता येत नाही, ती तीन उशांची. सून म्हणायची, "आई, तुम्हाला बरोबर कळतं." एखादी गोष्ट मला बरोबर कळते असं मला पूर्वी कोणी म्हटलं नव्हतं.

नाचाची मालिकाही संपली आणि पुढची सापडत नव्हती, त्याच आठवड्यात विहीणबाई आणि व्याही आले.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई. उल्हासनगरला राहतात आणि तिथेच एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात वीस वर्षं काउंटरला आहेत. दिवसभर बोलायचं त्यांचं काम. समोरचा गप्प बसला की त्यांना ते हातचं निसटणारं गिऱ्हाईक वाटतं, आणि त्या आणखी बोलतात. मी त्यांच्यासमोर नेहमी गप्पच, म्हणून त्या माझ्यासमोर फारच बोलतात. मनाच्या मोठ्या आहेत. येताना कधी हात हलवत येत नाहीत. त्या रविवारी त्यांनी सोफ्याचं कव्हर शिवून आणलं होतं, मरून रंगाचं, खाली झालर, झालरीला बारीक सोनेरी काठ. दुकानातून आल्यावर रोज मशीनवर बसून शिवलेलं.

"माप कधी घेतलंत मम्मी?" सुनेने विचारलं.

"माप कशाला? मागच्या वेळी बघितला ना सोफा. नजरेचं माप आहे माझं. दुकानात टेप लागत नाही मला."

व्याही सोफ्यावर मधोमध बसून पोहे खात होते. त्यांचा स्वभाव विहीणबाईंच्या उलट. विहीणबाईंनी कव्हर उलगडलं आणि त्यांना म्हणाल्या, "साईं, उठा जरा." दुकानात सगळ्यांना साईं म्हणायची सवय, ती नवऱ्यावर राग आला की घरी निघते. व्याही बशी घेऊन उठले आणि टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले.

कव्हर डाव्या बाजूने नीट बसलं. उजव्या बाजूला वीतभर सोफा उघडा राहिला. विहीणबाईंनी उजवीकडे ओढलं, तर डावीकडचा उघडा पडला. त्यांनी मधून खेचलं, मग दोन्हीकडचा थोडा थोडा दिसायला लागला.

"कापड आटलं असेल," त्या म्हणाल्या.

"अजून धुतलं कुठे होतं?" व्याही म्हणाले.

विहीणबाईंनी झालर सारखी केली. मग हसून म्हणाल्या, "हल्ली सोफेच मोठे बनवतात." आम्ही काय करावं ते न सुचून तशाच उभ्या. त्या पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने, "हल्ली सोफेच मोठे बनवतात, नाही का?" मी खाली बघितलं. सुनेने पंख्याकडे बघितलं. आणि तेवढ्या शांततेत टीव्हीसमोरून व्याह्यांनी हळूच विचारलं, "मी बसू का?"

माझी आणि सुनेची नजर भिडली. भिडायला नको होती. दोघींच्या मनात तो पाण्याचा साहेब आला असणार. सुनेच्या नाकातून आवाज आला आणि मग मला आवरलं नाही. मी आयुष्यात पाहुण्यांसमोर मोठ्याने हसले नव्हते. त्या दिवशी हसले. हात सोफ्यावरच्या उशीकडे गेला, आणि उशी त्या नव्या कव्हरखाली होती, म्हणून आणखी हसू आलं.

विहीणबाईंचा चेहरा तसाच राहिला आणि डोळे जरासे बाजूला गेले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "सिनेमा बघायला मिळाला तुम्हाला."

"मम्मी, तसं नाही गं."

त्यांनी कव्हर काढलं. दुकानात घडी घालतात तशी काठाला काठ लावून घडी घातली आणि पिशवीत भरलं. चहा गॅसवर उकळत होता. "चला," त्या व्याह्यांना म्हणाल्या. व्याह्यांनी अर्धी बशी टीव्हीजवळ ठेवली आणि त्यांच्या मागे निघाले. दारात मला म्हणाले, "पोहे छान होते." चहा न घेता त्या घरातून गेल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर विहीणबाईंनी मुलीचा फोन घेतला नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी व्याह्यांनी उचलला. "कामात आहे ती," म्हणाले. मागे शिलाई मशीनचा आवाज येत होता. मुलाने फोन केला तर त्याच्याशी गोड बोलल्या, तब्येत विचारली, आणि बायकोला देतो म्हटल्यावर ठेवून दिला. मुलगा म्हणाला, "होईल ठीक. वेळ द्या." त्याला पाळी होती, तो गेला.

सून रोज ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर आईला फोन करायची. ती वेळ आता रिकामी राहायला लागली. तिने टीव्ही लावणंही सोडलं. मी एक मालिका शोधून ठेवली होती, दोन उशांची तरी नक्की. ती म्हणाली, "नंतर बघू आई." मग भाजी चिरताना म्हणाली, "आपण हसायलाच नको होतं. लोकांना बघून हसायची सवय लागली आपल्याला." आणि थोड्या वेळाने, "चहा ठेवू का?"

"ठेव," मी म्हटलं.

तेव्हा मला खरी भीती वाटली. तिची आई तिच्यापासून तुटली होती आणि त्यात माझं हसू होतं. आणि आमच्या दोघींत जे सुरू झालं होतं, त्याचीच तिला लाज वाटायला लागली होती. विहीणबाई बोलल्या नाहीत, तर ही पुन्हा माझ्याशी साखरेपुरती बोलणार, हे मला दिसत होतं.

दोन दिवसांनी दुपारी टीव्हीखालचा खण आवरताना लाल मखमली डबी सापडली. वर मुलाचा आणि सुनेचा फोटो, आत पेन ड्राइव्ह. लग्नाचा व्हिडिओ. तो मी कधी बघितला नव्हता. घरात सगळे बघायला बसले तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन भजी तळत राहिले होते, कोणाला नको होती तरी. आपण पडद्यावर कशा दिसतो, ते मला बघायचं नव्हतं. पण आता घरात कोणी नव्हतं. मी तो टीव्हीला लावला आणि सवयीने आवाज बंद केला.

आवाज असताना त्या व्हिडिओवर सनईची धून आहे, दोन माणसं ढगांतून येतात वगैरे आहे. आवाज बंद केल्यावर नुसते लोक दिसले. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, बुद्धवंदनेला बसलेले. माझ्या चुलत दिरांच्या तोंडासमोर कॅमेरा आणि त्यांच्या तोंडात अख्खी पुरी, चावावी की थांबावी ते त्यांना कळत नाही. व्याही हातात कोणाचीतरी पर्स घेऊन मंडपात उभे, प्रत्येक वेळी कॅमेरा फिरला की तिथेच, ती पर्स घेऊन. मी कात्री खाली ठेवली.

मग मी आले. दाराशी पाहुण्यांचं स्वागत करायला उभी. व्हिडिओवाल्याने माझ्यावर लाइट टाकला होता आणि म्हणाला होता, "आई, इकडे बघा." मला आठवत होतं. मला वाटलं फोटो काढतो आहे. म्हणून मी हात जोडले, मान सरळ केली आणि हलले नाही. तो फोटो काढतच नव्हता. पडद्यावर मी उभी आहे, उभीच आहे. पापणी हलत नाही. पाहुणे येतात, मला नमस्कार करतात, मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर वाकून बघतात, मी बरी आहे ना म्हणून, आणि पुढे जातात. एक लहान मुलगी माझ्या हाताला बोट लावून बघते.

उशी शेजारीच होती. मी ती तोंडावर घेतली नाही. बघणारं दुसरं कोणी नसलं की तोंड लपवायची गरज पडत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी सगळं बघितलं. इतकं वाईट कधीच काही बघितलं नव्हतं, आणि इतकी चांगली मालिकाही.

पुढे स्टेजवर विहीणभेट आहे. व्हिडिओवाल्याने दोघींना गळाभेट घ्यायला सांगितलं होतं. विहीणबाई एका बाजूने झुकल्या, मी त्याच बाजूने, आणि दोघींची कपाळं आपटली. त्याला ते बरोबर आलं नाही असं वाटलं असावं. त्याने पुन्हा घ्यायला लावली. पुन्हा दोघी बाजू बदलून एकाच बाजूला. तिसऱ्या वेळी विहीणबाईंनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरून योग्य जागी ठेवलं, पपई ठेवावी तसं, आणि मग कॅमेऱ्याकडे बघून हसल्या.

मी टीव्ही बंद केला. पेन ड्राइव्ह रुमालात बांधला, साडी बदलली आणि निघाले. थांबले असते तर गेले नसते.

मी एकटी कोणाच्या घरी जात नाही. खरवईहून स्टेशन, तिथून अंबरनाथ, अंबरनाथहून उल्हासनगर, शेअर रिक्षा बदलत बदलत गेले. एक वाक्य ठरवलं होतं. विहीणबाई, त्या दिवशी आम्ही तुमच्या कव्हरला हसलो नाही. सबंध वाटेत ते मनात म्हणत होते. त्यांच्या दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती, तेवढं मला माहीत होतं.

दार विहीणबाईंनीच उघडलं.

"या," म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. त्या एका शब्दावर थांबलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या.

पाणी आणून दिलं. व्याही खुर्चीत पेपर घेऊन होते, त्यांनी मान हलवली. मशीनवर ते मरून कव्हर पडलं होतं, एका बाजूची शिवण उसवलेली. मी पाणी प्यायले. सगळं प्यायले. ठरवलेलं वाक्य आठवेना. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून झालं. व्याह्यांनी पेपरचं पान उलटलं. शेवटी मी रुमाल सोडला आणि पेन ड्राइव्ह पुढे केला.

"हे लावा."

"काय आहे?"

"लग्नाचं. आवाज बंद करून लावा."

"आवाज का बंद?"

"तसंच बघायचं असतं."

त्यांनी व्याह्यांकडे बघितलं. व्याह्यांनी उठून लावलं. माझ्या शेजारी एक उशी होती, ती मी उचलून पलीकडे ठेवली.

मी आले. हात जोडून उभी. विहीणबाई बघत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अडकलं का हे?"

"नाही. मागे माणसं चालताहेत बघा," व्याही म्हणाले.

"मग तुम्ही हलत का नाही?" त्यांनी मला विचारलं.

"मला वाटलं, फोटो काढतोय."

त्यांनी पुन्हा टीव्हीकडे बघितलं. म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर वाकले. विहीणबाईंचा खांदा हलला. लहान मुलीने बोट लावलं, आणि विहीणबाई हसायला लागल्या. त्यांचं हसू दुकानात चार गाळे ऐकू जाईल असं आहे. हसता हसता त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि मग आठवलं तसा हात मागे घेतला. तोपर्यंत विहीणभेट आली. पहिल्यांदा कपाळं आपटली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यांनी माझं डोकं धरलं.

"दोन दिवस दुखत होतं मला," कपाळाला हात लावून त्या म्हणाल्या. "कोणाला बोलले नाही. म्हटलं, नवीन विहीण, काय सांगायचं."

"मलाही टेंगूळ आलं होतं."

"तुम्ही कुठे बोलता काही," विहीणबाई म्हणाल्या.

"आणि हे बघा," टीव्हीकडे बोट दाखवून त्या व्याह्यांना म्हणाल्या. "पर्स कोणाची घेऊन फिरताय?"

"तूच दिलीस धरायला. घेतली नाहीस परत."

तेव्हा मला वाक्य आठवलं, पण तोंडातून दुसरंच निघालं. मी म्हटलं, "विहीणबाई, त्या दिवशी आम्ही व्याही उभे राहिले म्हणून हसलो." आणि मग वाटलं की एवढ्या लांब आले ती अर्धं सांगायला आले नाही. म्हणून म्हटलं, "थोडं कव्हरलाही हसलो. पण तुम्हाला नाही."

त्यांनी टीव्हीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं. टीव्हीवर लोक जेवत होते.

"कशाला उभे राहिलात हो तुम्ही?" त्या व्याह्यांना म्हणाल्या.

"तू उठा म्हणालीस. बसा असं कोणी म्हणालं नाही."

विहीणबाईंनी एक श्वास सोडला. मग हळू आवाजात, त्यांचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता, म्हणाल्या, "वीस वर्षं नजरेनं कापड देते. एकदा चुकलं नाही. मुलीच्या घरात चुकलं. रात्रंदिवस तेच डोक्यात." मशीनवरून कव्हर आणलं आणि माझ्यासमोर पसरलं. "किती कमी पडतंय? खरं सांगा."

मी बोटं पसरून वीत दाखवली. वर दोन बोटं धरली.

"या कापडाचा तुकडा शिल्लक नाही आता. ठाणच संपलं."

"माझ्याकडे जीन्सचं कापड आहे. चिंध्यांतलं, पण कोरं."

"मरूनला जीन्स?" त्यांनी तोंड वाकडं केलं. मग कव्हराच्या काठावरून हात फिरवला, बघत राहिल्या. "चालेल. आजकाल मुद्दाम तसं लावतात."

मग फोन घेतला. आधी नंबर लावला, मग कानाला लावून माझ्याकडे पाठ केली. पलीकडून मम्मी असं ऐकू आलं, माझ्यापर्यंत आलं. विहीणबाईंनी घसा साफ केला.

"तुझी सासू आलीय इथं," म्हणाल्या. "एकटी आलीय. जेवून जाईल. तूही ऑफिसातून इकडेच ये. आणि ऐक, तुझ्या लग्नात मी किती बावळट दिसतेय, ते कधी सांगितलं नाहीस मला."

त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघितला. सून आली तेव्हा डोळे लाल होते, ते आईने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. माझी उभी राहायची जागा आली तेव्हा सुनेने माझ्याकडे बघितलं, मी काय करते ते. मी बघत होते. तिने उशी घेतली, ती स्वतःच्या तोंडावर. नंतर म्हणाली, "आई, हे आपल्या घरात होतं आणि आपण कुठे कुठे शोधत होतो."

वहीत तिनेच पाच उशा काढल्या. मालिकेचं नाव लिहायची जागा रिकामी ठेवली.

आता विहीणबाई आठवड्यातून दोनदा मला फोन करून मालिका सुचवतात. बहुतेक चुकीच्या असतात, मागे हसण्याचा आवाज टाकलेल्या. मी नाव लिहून घेते आणि पाच मिनिटं बघतेही. विचारलं तर खरं सांगते. "तुम्हाला काही पसंतच पडत नाही," त्या म्हणतात, आणि दुसरं नाव काढतात.

सोफ्यावर कव्हर बसलं. उजव्या हाताला वीतभर आणि दोन बोटं जीन्सची पट्टी आहे. व्याही आले की तिथेच बसतात, कोणी बसा म्हणायच्या आधी.